दीडच्या रांगेत उभे राहू नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकमधली कुटुंबं पार्काकडे निघतात. कुणी सिन्नरमार्गे शिर्डीला, वेट एन जॉय आणि साई तीर्थ बघायला. कुणी कसारा घाट उतरून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला. तिकिटं आठवडाभर आधी काढलेली असतात, पोहण्याचे कपडे नवे घेतलेले असतात, कोणती घसरगुंडी आधी आणि कोणती नंतर यावर मुलांची भांडणंही होऊन गेलेली असतात. जेवणाचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. तो दुपारी दीड वाजता, फूड कोर्टासमोर, ओल्या कपड्यांत, पाच जणांनी पाच दिशांना बोटं दाखवत केला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. बसून जेवा. दिवसातून एकदा, पाठ टेकेल अशा खुर्चीवर, सावलीत, सगळ्यांनी एकत्र. आणि दीड वाजता जेवू नका.

"बसून जेवायला गेलो तर तास मोडेल, पटकन काहीतरी खाऊन घेऊ." हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, बहुधा ज्याने तिकिटांचे पैसे भरले तो. पैसे वसूल व्हायला हवेत ही त्याची तळमळ मला समजते; पाच तिकिटांच्या पैशांत बऱ्याच घरांचा बऱ्याच दिवसांचा किराणा येतो. पण त्याने हे "पटकन" एकदा घड्याळ लावून मोजावं. आधी कार्डात पैसे भरायची रांग. मग पावभाजीच्या खिडकीची रांग. धाकट्याला नूडल्स हव्यात, त्या तिसऱ्या खिडकीवर. आई टेबल शोधत फिरते, एक सापडतं, त्यावर ओला टॉवेल टाकून ती राखण करत उभी राहते. पावभाजी येते तेव्हा नूडल्सचा पत्ता नसतो, नूडल्स येतात तेव्हा पावभाजी गार झालेली असते. खाणं दहा मिनिटांचं, त्याच्या भोवतीची वणवण पाऊण तासाची. तेवढ्या वेळात वाढप्याने टेबलावर ताट आणून दिलं असतं आणि पाणीही दोनदा भरलं असतं.

वेळ खातं ते जेवण नव्हे, रांग. आणि रांग किती मोठी हे घड्याळ ठरवतं. पार्क सकाळी उघडतं, सगळे घरून किंवा वाटेत नाश्ता करून आलेले असतात, म्हणून सगळ्यांना भूकही एकदमच लागते. साडेबाराला माणसं खिडक्यांकडे वळू लागतात, एक ते अडीच कहर असतो, तीननंतर टेबलं रिकामी पडतात. जो पावणेबाराला जेवायला बसतो त्याला जागा निवडून मिळते, अन्न नुकतं उतरलेलं मिळतं आणि वाढणारा माणूस अजून दमलेला नसतो. त्याचा खरा फायदा पुढे आहे. सगळं पार्क दीड वाजता खिडक्यांसमोर उभं असतं तेव्हा मोठ्या घसरगुंड्यांच्या आणि रोलर कोस्टरच्या रांगा आखूड झालेल्या असतात. इतरांच्या जेवणाची वेळ ही तुमची खेळण्याची वेळ.

बसून जेवण संथच असतं, असं ज्याला वाटतं त्याने शिर्डीतच साई संस्थानचं प्रसादालय पाहावं. एका वेळी पाच हजारांहून अधिक माणसं तिथे बसून जेवतात. पोळी, भाजी, वरण, भात, एखादा गोड पदार्थ, सगळं जागेवर वाढलं जातं. २००९ साली छपरावर ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवल्या. त्यांच्या वाफेवर हे अन्न शिजतं. जेवण भाविकांना मोफत आहे, २०२५ पासून त्यासाठी कूपनाची पद्धत आहे. बसल्यापासून उठेपर्यंत अर्धा तासही लागत नाही, आणि उठणारा माणूस तृप्त असतो.

हे जमतं कसं, यावर पार्क चालवणाऱ्यांनी विचार करावा. प्रसादालयात निवड नाही. सगळ्यांना एकच ताट. कुणी पाटीकडे बघत उभं राहत नाही, कुणी सुटे पैसे शोधत नाही, कुणी ट्रे सावरत माणसांतून वाट काढत नाही. माणूस जागेवर बसतो आणि अन्न त्याच्याकडे चालत येतं. ही आपली पंगत आहे. लग्नात, उत्सवात, अखाड्यांच्या अन्नछत्रांत हेच चालत आलं. नाशिकला दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, गर्दीला बसवून जेवू घालणं या भागाला कुणी शिकवायला नको. तरी आपल्या पार्कांनी उचललं ते मॉलचं फूड कोर्ट. दहा खिडक्या, शंभर पदार्थ, आणि गिऱ्हाइकानेच केलेली धावपळ. त्या दहा खिडक्यांशेजारी एक दालन पंगतीचं ठेवा. एकच थाळी, एकच किंमत, दारात पैसे, जागेवर वाढप. लोक तिकडेच वळतील याची मला खात्री आहे.

याच्या उलट गोष्ट आपल्या गावात दर रविवारी घडते. मिसळ ही मुळात झटपट खायची वस्तू. गिरणीच्या पाळीला जाणारा, बाजारात माल उतरवून आलेला माणूस बाकावर टेकायचा, रस्सा ओतून घ्यायचा, पाव बुडवायचा आणि निघायचा. नाशिकने तिचं बसून जेवण करून टाकलं. मखमलाबाद रस्त्यावर द्राक्षबागेत बसून लोक मिसळ खातात, गंगापूर-सातपूरच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीसाठी हिरवळीवर नंबर लावून थांबतात. मुलं झोक्यावर असतात, आजोबा झाडाखाली पेपर वाचतात, पापड-दही आलं की सगळे टेबलाकडे धावतात. रविवारची पूर्ण सकाळ एका मिसळीवर जाते आणि कुणालाही वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. का वाटत नाही? कारण ती थांबण्याची वेळसुद्धा सहलच असते. सावली असते, बसायला जागा असते, मुलं नजरेसमोर असतात. फूड कोर्टाच्या रांगेत यातलं काहीच नसतं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने या दोन प्रकारांचा हिशेबच बांधून ठेवला आहे. टेबलावर वाढलेलं जेवण वेगळं, खिडकीवरून घ्यायचं झटपट जेवण वेगळं, आणि मुक्कामी पाहुण्यांना दोन्हींची आगाऊ योजना विकत घेता येते. महासाथीत २०२० मध्ये थांबलेली ही योजना जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. बसून जेवायची जागा साठ दिवस आधी राखून ठेवता येते. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब मुलांना घेऊन ऑर्लँडोला निघतं तेव्हा ऑफिसच्या रजेआधी त्याला जेवणाच्या तारखा ठरवाव्या लागतात. सुट्टीचं असं वेळापत्रक मला नकोसं वाटतं. सुट्टीतल्या बुधवारी संध्याकाळी सव्वासहाला मला काय खावंसं वाटेल हे दोन महिने आधी कुणी विचारू नये.

पण त्याच डिस्नेची दुसरी बाजू आपल्याकडच्या प्रत्येक पार्कमालकाने वाचावी. तिथे घरचा डबा आत नेता येतो. काचेची भांडी नकोत, दारू नको, एवढ्या अटी पाळल्या की पोळी-भाजी खुशाल न्या. झटपट जेवणाच्या खिडकीवर गार पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये डबा आत चालत नाही, पण दाराबाहेर डबा खाण्यासाठी बाकं टाकून जागा राखलेली आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या मनोरंजन उद्योगाचं दिवाळं घरच्या पोळीने निघालं नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक पार्कांच्या दारात पिशव्या उघडायला लावतात आणि दशमीसुद्धा बाहेर ठेवायला सांगतात.

पाण्याबद्दल तर बोलायलाच हवं. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी पहिलं डिस्नेलँड उघडलं, त्या दिवशी कडक ऊन होतं. नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप झाला होता, म्हणून स्वच्छतागृहं की पिण्याच्या पाण्याचे नळ, यातलं एकच वेळेत पूर्ण होणार होतं. वॉल्ट डिस्नेने स्वच्छतागृहं निवडली. नळ कोरडे राहिले, खाण्याच्या टपऱ्यांवरचा माल संपला, आणि शीतपेयं खपावीत म्हणूनच पाणी बंद ठेवलं असं लोक म्हणू लागले. त्याच्या मनात तसं नसेलही. लोकांना तसं वाटलं, एवढंच पुरे होतं. आज मे महिन्याच्या उन्हात पिण्याच्या पाण्याचा नळ शोधत फिरणाऱ्या आणि शेवटी बाटली विकत घेणाऱ्या बापालाही नेमकं तेच वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांबद्दल निकाल दिला. बाहेरचं अन्न आणायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, हे न्यायालयाने मान्य केलं. त्याचबरोबर पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं अन्न अडवता कामा नये, हेही नोंदवलं. चित्रपट अडीच-तीन तासांचा. पार्कात माणूस सकाळी शिरतो आणि संध्याकाळी बाहेर पडतो, मधली पूर्ण दुपार उन्हात. जो दिलासा तीन तासांच्या एसी खुर्चीवर बसलेल्याला आहे तो आठ तास उन्हात चालणाऱ्याला का नसावा? राज्य सरकारने पार्कांच्या परवान्यातच ही अट घालावी. मोफत पाणी, बाळाचं आणि मधुमेही माणसाचं अन्न, आणि दाराजवळ डबा खाण्याची सावली. यात पार्काचा धंदा बुडत नाही.

आता आजीकडे येऊ, कारण सगळ्या आखणीत तिचाच विसर पडतो. वॉटर पार्कात आजी पाण्यात उतरत नाही. ती पिशव्या, चपला, मोबाइल आणि पाकिटं सांभाळत छत्रीखाली बसते. "आजी, तू इथेच बस, आम्ही आलोच," असं म्हणून गेलेले तासाने उगवतात. दुपारी तिच्यापुढे कागदी बशीत गार बटाटावडा येतो, त्याची किंमत ऐकून तो तिच्या घशाखाली उतरत नाही. त्यातून गुरुवार असला आणि तिचा उपवास असला तर सगळ्या खिडक्या धुंडाळूनही खिचडी मिळेलच असं नाही. ज्या नाशिकमध्ये सायंतारासारखा साबुदाणा वडा मिळतो तिथून निघालेल्या बाईने तीन तासांवर वेफर्स खाऊन दिवस काढायचा, हे मला बघवत नाही. बसून जेवण्याचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः तिच्यासाठी. तिच्या सबंध दिवसात नातवंडं तिच्यासमोर अर्धा तास बसतात ते त्या टेबलावरच. सहलीला तिला कशाला आणलं होतं, याचं उत्तर तिथेच मिळतं.

बुफेबद्दल मात्र सावध राहा. इमॅजिकात २०१३ पासून दोन्ही सोयी आहेत. इमॅजिका कॅपिटलसारखं बुफेचं दालन आणि रेड बॉनेटसारखं अमेरिकन धाटणीचं खाणं. कॉलेजातल्या चार मुलांना बुफे परवडतो. आजी दोन पोळ्या खाणार, सहा वर्षांची नात गुलाबजाम आणि भात खाणार, आणि पैसे पूर्ण थाळीचे जाणार. शिवाय भरलेल्या पैशांची भरपाई करायची म्हणून माणूस तिसऱ्यांदा उठतो आणि वाढून घेतो. मग तेच पोट घेऊन तो उलट्या फिरणाऱ्या पाळण्यात बसतो. पुढचं मी सांगत नाही, तो पाळणा धुणाऱ्या पोराला विचारा. पोहण्याआधी खाल्लं की पेटके येऊन माणूस बुडतो हा जुना समज. अमेरिकन रेड क्रॉसच्या शास्त्रीय सल्लागारांनी २०११ मध्ये तपासून त्याला पुरावा सापडला नाही असं सांगितलं. गरगरणं आणि ओकारी मात्र खरी असते. कान संतुलनाचा एक निरोप मेंदूला देतो, डोळे दुसराच देतात, आणि भरलेलं पोट त्या गोंधळात पहिलं हार मानतं. म्हणून जेवणानंतरचा तास संथ गोष्टींना द्या. साई तीर्थासारख्या ठिकाणी बसून बघायचे कार्यक्रम असतात, आगगाडी असते, लाटांच्या तळ्याचा काठ असतो.

झटपट खाण्याला माझा विरोध नाही, त्याची जागा ठरलेली असावी एवढंच. चार वाजता मुलं पाण्यातून थरथरत बाहेर येतात तेव्हा गरम कणसाला किंवा चहाला तोड नाही. पाण्यात खेळताना घाम आलेला कळत नाही, त्यामुळे तहानही कळत नाही. दर तासाला मुलाला बाहेर बोलावून चार घोट पाजणं आणि हातात केळं देणं हे कोणत्याही थाळीपेक्षा महत्त्वाचं. आत नेता येत नसेल तर गाडीत कोरडं ठेवा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कोंडाजीचा चिवडा. दहीभात, उसळ, पनीर गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत शिजवलेलं ओलं अन्न तासाभरातही बिघडू शकतं, आणि परतीच्या प्रवासात सिन्नर येईपर्यंत त्याची फळं दिसतात.

बिलाकडेही बघा. उपाहारगृहाने सेवाशुल्क आपणहून बिलात जोडू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा, संकोच करू नका. मात्र टेबलावर बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीसाठी छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडायला गेलात तर अडचण येईल. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना तशी मुभा दिली आहे. म्हणून फुकट पाण्याचा आग्रह अधिक मोलाचा.

आपल्याकडे मोठ्या पार्काची कल्पना आली ती १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं तेव्हा. नाशिकच्या शाळांच्या सहली पहाटे निघून, बोटीने खाडी ओलांडून तिथे पोहोचत. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं, आणि त्याच वर्षी खोपोलीचं इमॅजिका संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. शिर्डीतलं पार्कही त्यांचंच. म्हणजे महाराष्ट्रातल्या पार्कांचा मोठा भाग आज आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या हाती आहे. पंगत म्हणजे काय, उपवास म्हणजे काय, आजीला काय लागतं हे त्यांना समजावून सांगायची गरज नसावी. त्यांनी मनावर घेतलं तर एका मोसमात चित्र पालटेल.

तोवर आपण एक करू. या सुट्टीत तिकीट काढण्याआधी पार्काला फोन करा आणि विचारा: पिण्याचं पाणी आत मोफत कुठे मिळतं, बाळाचं आणि पथ्याचं अन्न आत नेता येतं का, जेवायला बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का. उत्तर नीट मिळालं तर जा, पावणेबाराला टेबल धरा आणि सगळे मिळून बसा. टाळाटाळ झाली तर त्यांना स्पष्ट सांगा की याच कारणासाठी पाच तिकिटं दुसरीकडे काढतो आहोत.